उपडा रांजण

६ मे २०२५, बुटीबोरी

पोचले एकदाची! मी, सांगलीची भूमिका, नागपूरच्या उन्हात भाजून निघाले, पण जिवंत आहे. ऋषिकेशच्या माहितीपटाचं संकलन मी करणार. पाच वर्षांपूर्वीच्या टाळेबंदीत परराज्यातले कामगार याच रस्त्याने पायी गावाकडे गेले, ते त्याने टेम्पोत बसून टिपलं होतं. त्याच्या इथल्या ओळखीवरच याच रस्त्यालगतच्या घरात ही खोली मिळाली. घरमालकीण वच्छलाकाकू एकट्याच असतात. त्यांची वांग्याची भाजी खाऊन माझ्या कानातून धूर निघाला. रस्त्याकडचं दार मात्र त्या उघडत नाहीत, ये-जा मागच्या दाराने. पुढच्या ओट्यावर रांजण आहे, तोही उपडा. या उन्हात! मी तो सरळ केला, काठोकाठ भरला आणि वर पेला ठेवला.

७ मे

भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी रांजण रिकामा झाला. काकू चिडल्या. "काहून भरला वं? कोणी आलं तं?" यावं म्हणूनच भरला, असं मी हसत म्हणाले. त्या जेवल्या नाहीत.

९ मे

चित्रणात हेच घर सापडलं. हेच दार, हाच ओटा. रांगेतून एक बाई बाहेर येते. डोक्यावर पिवळं बोचकं, कडेवर पोर. बराच वेळ दार वाजवते. मग उपड्या रांजणाच्या बुडावर हात ठेवते आणि रांगेत परत जाते. पोराची मान लोंबते आहे. मला रडू आवरेना.

काकूंना विचारलं. तेव्हा त्या आत, दाराआडच उभ्या होत्या. "मले रोगाचं भेव वाटलं वं. पाणीच मागून राहिली होती ती. काढून टाक ते, पोरी. लोकं काय म्हणतील मले?" हात धरून रडल्या. दया आली. तेवढं दृश्य कापलं.

१० मे

मूळ फाइलमध्येही ती बाई नाही. मूळ चित्रणाला मी हातही लावलेला नाही! रांग चालते, तिच्या जागी फट. ऋषिकेशच्या प्रतीतही तेच. तो फोनवर म्हणाला, ऊन लागलंय तुला, खिशात कांदा ठेव.

दुपारी पुढचं दार वाजलं.

११ मे

पुन्हा वाजलं. खिडकीतून पाहिलं. कोणी नाही. रांजणाभोवती ओली पावलं, अनवाणी, मोठ्या माणसाची. पोर खाली उतरलेलं नाही.

कापलेलं दृश्य परत जोडलं. नुसता ओटा दिसतो. ती रांगेत परत जातच नाही. म्हणजे इथेच —

मागच्या दाराने गेले आणि रांजण उपडा करून आले. मला भीती वाटते.

१२ मे

दार वाजलं. काकू उठल्या. "आता तरी देते तिले," म्हणाल्या. तांब्या भरला, कडी काढली. बाहेर फक्त ऊन. त्या उंबरा ओलांडून गेल्या. मी थांबवलं नाही. आणि दार — मी लावलं. मीच.

चित्रण लावलं. रांगेत पिवळं बोचकं आहे. त्याच्या मागे काकू, हातात तांब्या —

पुन्हा वाजतंय. काकूंचा आवाज. "पोरी, पाणी दे वं. तांब्या रिता झाला."

कडीखाली बसून लिहिते आहे. त्या काकूच आहेत. पण सोबत कोण —

वाजवणं थांबलं. आता रांजणाच्या बुडावर हात फिरतोय. मीच उपडा केला तो. उठायला हवं. पाणी द्यायला हवं. हात कडीपर्यंत पोचतो, पण मी —