आठ जीबीचा अनुष्टुभ

४ मार्च
नातीचा फोन. तिच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जळालं. अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजात प्रवेशासाठी छोटी फिल्म वीस तारखेपर्यंत पोचली नाही, तर वर्ष बुडालं. फिल्मचा नायक मी! दाढीसकट. खिडकीपाशी खुर्चीत बसून माझीच कविता म्हणतो. अमरत्व उंबऱ्याशी आलंय.
दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी, म्हणून खरेदी माझ्याकडे. पैसे तिचे, शिकवण्या घेऊन साठवलेले. बजावलं, "सोळा जीबीचं साधंच आणा, आजोबा. डोकं चालवू नका."
हल्लीच्या मुलांच्या जिभेला वळण नाही.

६ मार्च, दुपारी
साधं कार्ड खाकी पुठ्ठ्यात, जुलाबाच्या औषधासारखं. शेजारी त्याच नावाची 'रॉयल गोल्ड एडिशन'. किंमत दीडपट. काळा खोका, सोनेरी अक्षरं, आत मखमल. वर छापलंय: स्पीड, स्प्लेंडर, सुप्रीमसी. अनुप्रास! शाळेतलं बाक आठवलं, एका सुरात म्हटलेल्या कविता आठवल्या. दुकानदार म्हणाला, पारख असलेली माणसं आता राहिली कुठे, साहेब. खरंच आहे.
हे आठ जीबीचं, एवढाच काय तो फरक. अनुष्टुभाच्या चरणात तरी अक्षरं किती? आठच. कुणाचं अडलं?
वरचे पैसे माझ्या नव्या कवळीचे घातले. ही म्हणाली, "अक्कलदाढ मुळात आलीच नव्हती. बाकीचे दात नसले तर काय बिघडतंय?"

७ मार्च
माहितीपत्रक वाचायला सील फोडलं. निव्वळ गद्यकाव्य. पाठ केलं.

९ मार्च
नातीकडे जाऊन कार्ड बसवलं. आत इंद्रधनुष्य फिरतंय. नात खोका उलटसुलट करून वाचत राहिली. भारावली बिचारी.

११ मार्च
भारावली नव्हती. चिप तीच, साध्यातलीच. वर दिवे न् सोनेरी पत्रा, आणि मेमरी निम्मी, असं तिचं म्हणणं. पडद्यावर माझी दाढी आली की कॉम्प्युटर मान टाकतो. एकेक केस वेगळा काढावा लागतो म्हणे.
बदलून आणायला गेलो. सील फोडलेला माल परत नाही. त्या दिवशी 'साहेब' म्हणणारा आज म्हणाला, आजोबा, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक आहे.

१४ मार्च
संकल्प: उद्यापासून नातीशेजारी बसून धीर द्यायचा. माहितीपत्रक म्हणून दाखवायचं.

१५ मार्च
धीर दिला. तिने दाराला आतून कडी घातली.

२० मार्च, संध्याकाळ
फिल्म वेळेत गेली! कार्डाला नावं ठेवणारे आता कुठे आहेत? सगळ्यांनी मिळून पाहिली. खिडकी होती. पडदा हलत होता. खुर्ची होती, रिकामी. मी कुठाय, विचारलं.
"तुम्ही आठ जीबीत मावला नाहीत, आजोबा. खुर्ची तेवढी मावली."
आवाज? तोही काढला. जुन्या कवळीची खटखट येत होती.
ही म्हणाली, आता कशी शांत वाटते फिल्म.

२ एप्रिल
नातीची निवड झाली. परीक्षकांनी खास लिहिलंय: आजोबांचं जाणं किती संयमाने दाखवलंय.
श्रेय कार्डाचंच. माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात येत नाही.

५ एप्रिल
जुनी कवळी आज दुभंगली. नवीचं पुढच्या वर्षी बघू, म्हणते ही. तुकडे तिने त्या सोनेरी खोक्यात, मखमलीवर ठेवलेत.
छान मावले.