विमानांसाठी पुला

१३ जुलै
परत मंत्री येतोय! या खेपेला विमानं. आमच्या गावप्रमुखानं, खोसी लेत्लाम्मानं, सकाळी माणूस धाडला — गुरुवारी खोत्ला भरणार, सगळ्यांनी चावडीवर यायचं. सरकारला लढाऊ विमानं घ्यायचीत, गावाचं मत विचारायचंय म्हणे. मत! आणि बायकांनी अख्ख्या गावाला पुरेल एवढं ज्वारीचं बोगोबे शिजवायचं. झालं आमचं मत, पातेल्यात.

१४ जुलै
लेकीला, गोराताला, घेऊन दवाखान्यात गेले. दिवस भरत आलेत तिचे. नर्सनं पोट दाबून बघितलं. म्हणाली, मूल आडवं आहे, इथं बाळंतपण व्हायचं नाही, मोठ्या हॉस्पिटलातच न्या.
"कशानं नेऊ?"
तिनं नुसतं खिडकीबाहेर बोट केलं. आमची अ‍ॅम्ब्युलन्स! चाकं कधीच गेली, विटांवर उभी आहे. आत कोंबड्या अंडी घालतात.
शेजारच्या बोनोलोला गेल्या साली गाढवगाडीतून नेलं होतं. वाळूत चाक रुतलं, मूल वाटेतच गेलं. अजून गाढवगाडी दिसली की पोर घरात जाऊन दार लावते.
मी बोलणार खोत्ल्यात. गोराता म्हणते, "आई, तू बोलत नाहीस, भांडतेस." भांडेन!

१६ जुलै
शी! तोंडाची चव गेली माझ्या.
पुरुष घडीच्या खुर्च्या घेऊन ऐसपैस. आम्ही बायका खाली चटईवर, डोकी बांधून, पाय लांब करून. मंत्री बोलला — लहान देशानं झोपेतही एक डोळा उघडा ठेवावा, शेजाऱ्यांकडे विमानं आहेत, आपली मोडकी झाली. मग आमचे शहाणे. एकाला वाटतं विमानं घ्यावीत, दुसऱ्याला वाटतं थोडी जास्त घ्यावीत. एकानं तर विचारलं, विमानं आली की आमच्या गावावरून उडवाल ना? मेल्या, तुझ्या डोक्यावरूनच गेलं आहे सगळं!
एक म्हातारा रा डित्श्वेनेच काय ते खरं बोलला. "मी सैन्यात होतो. सीमेपलीकडचे रात्री आले आणि झोपलेली माणसं मारून निघून गेले. आम्ही खाली उभे, आभाळाकडे बघत." त्याचं म्हणणं मलाही पटलं. खोटं कशाला लिहू.
तरी उठले. मंत्र्याला म्हटलं, "रा, राखणीला कुत्रा पाळावा, मान्य. पण घरातलं सगळं मटण कुत्र्यालाच घातलं तर तो राखणार कोणाला? आमच्याकडे एक गाडी नाही बाळंतीण न्यायला. तुमच्या विमानात बसते का बाळंतीण?"
मंत्री हसला. "म्मा, त्यात सीट एकच असते."
सगळे हसले. माझा सख्खा भाऊसुद्धा! खोसी म्हणाला, "खोत्ल्यात बोललेलं सगळंच सुंदर." हे आमच्याकडचं ठरलेलं बोलणं. म्हणजे ऐकलं, आता बस.
मग मंत्र्यानं विमानांचं गुऱ्हाळ पुन्हा लावलं, आणि शेवटी हात वर करून ओरडला, "पुला!" — पाऊस पडो! मोठा माणूस बोलून थांबला की हे म्हणतो, आपण उलट ओरडायचं. आईच्या पाठीवर असल्यापासूनची सवय. आणि नऊ महिने थेंब नाही. अख्खा गाव ओरडला, "पुला!" तीनदा.
नंतर तोच मंत्री आमच्या हातचं बोगोबे चाटूनपुसून खाऊन गेला.

१७ जुलै
रेडिओ लावला. "सीमेवरच्या गावाचा विमानांना एकमुखानं पाठिंबा!" आणि पुढं आमची "पुला!" माझं बोलणं नाही, डित्श्वेनेचंही नाही. नुसती पुला.
गोराता म्हणाली, "आई, हा वरचा आवाज तुझा आहे."
माझाच. बाजारात तळलेल्या माग्विन्या विकून विकून कमावलेला घसा! शिसारी आली स्वतःची. रेडिओवर चादर टाकली.

१९ जुलै
खोसीकडे गेले. गोठ्यात होता.
"खोसी, आपण पावसाला ओरडलो. विमानांना नाही."
"मला माहीत आहे."
"मग सांगा त्यांना!"
"म्मा-गोराता, आजवर कोणी पुला परत घेतली आहे का?"
"आजवर कोणी पुला चोरलीही नव्हती."
त्यानं गाईची पाठ खाजवली. मग म्हणाला, "तीन ऑगस्टला सोमवार आहे. खोत्ला बोलावतो. तू उभी राहून सांग. गाव हो म्हणालं तर मी वर कळवतो, होकार नव्हता म्हणून."
माणूस बरा आहे. पण ढकलावा लागतो.

२१ जुलै
वारा. दातांत वाळू. मंत्र्याच्या दातांत जावो.

२९ जुलै
अ‍ॅम्ब्युलन्स आली! नवी, पांढरी, सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. सोबत टाय लावलेला एक पोरगेला साहेब. "ज्या गावांनी मनापासून साथ दिली, त्यांना मंत्रिसाहेबांची भेट."
आमचाच दवाखाना, आमचीच बाळंतीण, आणि भेट!
खोसीनं बाजूला घेतलं. "सोमवारचं काय? आपण उलटलो तर ही परत जाईल."
"जाऊ दे. मी बोलणार."
गोराता दारात उभी होती. पोटावर हात. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. तिच्या पलीकडे बोनोलो बसली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली.

३ ऑगस्ट
पहाटे गोराताला कळा. लोक खुर्च्या घेऊन खोत्ल्याकडे निघाले होते. बोनोलोला खोसीकडे पळवलं — म्हणावं, बैठक मोडा, मला काही बोलायचं नाही.
वाटेत अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर म्हणाला, "म्मा, रेडिओवर तुमच्या गावची पुला ऐकली. कोण बाई होती हो ती? सगळ्यांच्या वर आवाज!"
"मीच," म्हटलं. "गाडी हाण."
मुलगी झाली. दोघी जिवंत आहेत.