हरणाच्या बाटलीचा वास

माय, तुझा कारखाना परत सुरू झाला. नांदगाव पेठेच्या त्या गंजलेल्या फाटकाले निळा रंग मारला आहे आणि वर बाटलीचं मोठं चित्र लावलं आहे. बाटलीवर तेच हरण, मान वळवून मागं पाहणारं. खाली लिहिलं आहे, तीच जुनी चव. मी चौथी शिकलेली बाई, एवढं वाचता येते मले. वाचलं आणि ऑटोतच तोंड फिरवून बसली. तुले हे सांगायचं म्हणून कागद घेतला. सांगायचं वेगळंच आहे, पण आधी हे.

बीयर आपण कधी चाखली नाही, पण हरणाचा रुबाब आपल्याले होता. अकोल्याच्या जठारपेठेपासून तर पार धारणीच्या जंगलापर्यंत लोक बीयर मागत नव्हते, हरण मागत होते. मोठ्या शहरातल्या बाटल्या दुकानात धूळ खात पडायच्या. विहारात बाया तुले टोमणे मारत, दारूच्या कारखान्यात जाते म्हणून. तू म्हणायची, "मी बाटली हुंगतो, पेत नाही. तुमचे नवरे पेतात, त्याईले विचारा."

हुंगायचंच तर काम होतं. रिकाम्या बाटल्या गावागावांतून भंगारवाले गोळा करून आणायचे. त्यांच्यात लोकांनी काय काय भरलेलं असायचं. म्हणून धुवायच्या आधी प्रत्येक बाटलीच्या तोंडाशी नाक न्यायचं. रॉकेलची बाजूले, फिनाइलची बाजूले, आणि फवारणीच्या औषधाची सरळ फोडायची, ती कितीही धुतली तरी भरवशाची नाही. आपण सहा बाया त्या कामावर, आणि तू सगळ्यात पुढं. बाटली हातभर दूर असतानाच म्हणायची, "ही गोडेतेलाची." साहेब एकदा म्हणाले, "बाई, तुमचं नाक म्हणजे मशीन आहे." तू म्हणाली, "मशीनले च्या लागत नाही साहेब, मले लागते." त्या दिवसापासून दुपारी सहाही जणींले चहा सुरू झाला. नाक शाबूत राहावं म्हणून तुझे कायदेही कडक. वासाचं तेल नाही, गजरा नाही, कच्चा कांदा नाही, तंबाखू-चुन्याचा खर्रा तर नाहीच. सकाळी फाटकातच तू एकेकीचं तोंड हुंगून आत सोडायची, माझंही.

मग ती वर्षं आली. कापसावर अळी, अळीवर औषध, औषधावर आणखी औषध. लोक दुकानातून सुटं औषध हरणाच्या बाटलीत नेत, चिंधीचा बोळा तोंडात कोंबून. आधी हप्त्यातून एखादी अशी बाटली यायची, मग दिवसाच्या दहा-दहा यायला लागल्या. तू फोडायच्या आधी बाटली हातात धरून विचारायची, "ही कोनाच्या घरची असन व?" आम्ही पुढची बाटली उचलायचो. सगळंच औषध कापसावर जात नाही, हे तेव्हा सगळ्यांले माहीत झालं होतं.

त्या दिवशी चौघी जणी कापूस वेचायले गेल्या होत्या. हुंगायले आपण दोघीच. जेवणाच्या सुट्टीत मी फाट्यावरच्या पानठेल्यावरून खर्रा आणला आणि गालात दाबून कामाले बसली. एकोणीस वर्षांची होती, कायदे मोडायची खाज होती, दुसरं काही कारण नाही. एका बाटलीत चिंधीचा बोळा अडकलेला होता. मी तो बोटानं ओढून काढला. बोळा पाहूनच कळायले पाहिजे होतं. मी हुंगली, मले चुन्याचा आणि तंबाखूचा वास आला. माझ्याच तोंडाचा. बाटली धुवायले लोटून दिली. तू हातभर अंतरावर बसली होती.

दहा-बारा दिवसांनी जठारपेठेतल्या एका बारमधून ती बाटली परत आली. एका माणसानं एक घोट घेतला आणि त्याले दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला तो. पण बाटलीवर भरल्याचा दिवस छापलेला होता, आणि त्या दिवशी कोण बसलं होतं ते हजेरीत होतं. साहेबांनी दोघींले बोलावलं. "कोणाच्या हातून गेली?" मी चपलेकडं पाहून राहिली होती. मी तोंड उघडायच्या आधीच तू म्हणाली, "माह्या हातून. नाक काम देत नाही आता साहेब." तुले त्याच दिवशी काढलं. मले ठेवलं. आणि मी राहिली, कारखाना बंद होईपर्यंत राहिली. फार दिवस लागले नाहीत. हरणात औषध आहे, एवढी बोंब पुरली. त्या वर्षांत वऱ्हाडात औषध म्हटलं की लोक हातातला घास ठेवत. दुकानात दुसऱ्या बाटल्या आल्या आणि हरण गेलं.

घरी बसल्यावर तू मले विचारायला लागली. "दूध नासलं का, हुंगून पाय बरं." "दाळ लागली का व पोरी?" पाऊस यायचा वास आला तरी मले विचारायची, खरंच आला का म्हणून. एवढ्या नाकाची बाई, स्वतःच्या नाकावर भरवसा उरला नव्हता तुझा. मी वैतागायची. एकदा तर म्हटलं, "तुले नाक नाही का? दर वेळी मलेच काहून विचारते?" तू चुलीकडं तोंड केलं. ते फिरवलेलं तोंड मी अजून पाहून राहिली.

आता सांग. हातभर दुरून तुले गोडेतेल कळायचं. मग माझ्या गालातला खर्रा तुले कळला नाही? कळला नसन, तर तुझं नाक खरंच गेलं होतं आणि माझी बाटली तू आपलीच चूक समजली. कळला असन, तर तू जाणूनबुजून माझं तुझ्यावर घेतलं, आणि मग ते दूध, ती दाळ, ते रोजचं विचारणं कशासाठी होतं? मी बोलावं म्हणून? तू मरेपर्यंत वाट पाहिली का माय? यातलं कोणतं खरं असलं तर मले बरं वाटन, तेही मले ठरवता येत नाही. आता धुतलेल्या गिलासातही मले औषधाचा वास येते. सून म्हणते, "आई, काहीच नाही येऊन राहिला वास." मी परत धुते.

मागच्या आठवड्यात नव्या कंपनीचा एक साहेब घरी आला. जुन्या लोकांचे फोटो भिंतीवर लावायचे आहेत म्हणे, नाकवाल्या बाईचं त्यानं कोणाकडून तरी ऐकलं होतं. तुझा एकच फोटो होता, तो दिला. त्यानं विचारलं, "आजींनी काम का सोडलं?" मी भांडे घासत होती. म्हटलं, "वय झालं होतं. नाक गेलं होतं तिचं. एक बाटली सुटली तिच्या हातून." त्यानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बरोबर ना, काकू?"

मी म्हटलं, हो, बरोबर.

ते आता फोटोखाली लावतील. फाटक माझ्या घरून ऑटोनं दहा मिनिटं आहे, जाऊन सांगता येते. आठ दिवस झाले. मी गेली नाही.