ताईच्या लग्नाचा रोल

२ जून, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन चार महिने झाले आणि हिच्या मते मी या चार महिन्यांत फक्त वर्तमानपत्राच्या घड्या मोडल्या. असो. आता काम मिळालं आहे.

काल ताईचा फोन होता. चोवीस ऑगस्टला तिच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतात. मी विचारलं, भेट काय देऊ? म्हणाली, काही नको रे, बाबांचा एक हसरा फोटो मिळाला असता तर बरं झालं असतं. लग्नानंतर सहा महिन्यांत बाबा गेले. तिच्याकडे त्यांचा एकच फोटो आहे, ऑफिसच्या ओळखपत्रावरचा. त्यात ते फोटो काढणाऱ्यावर खेकसताना दिसतात. ताई म्हणाली, आता डोळे मिटले की तोच चेहरा समोर येतो, लग्नात हसत होते ते बाबा आठवेनासे झालेत. म्हटलं, ताई, शब्द दिला. फोन ठेवेपर्यंत योजना तयार होती.

३ जून
पार्श्वभूमी. खरेदी विभागात तेहतीस वर्षं काढली. पार्श्वभूमीशिवाय फाइल पुढे सरकत नाही, रोजनिशी तरी का सरकावी?

ताईचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. घरचेच दहा जण. फोटोग्राफर सांगू या, असं बाबा म्हणत होते. मी म्हटलं, मी आहे ना! नवा कॅमेरा, छत्तीसचा रोल. छत्तीसच्या छत्तीस फोटो निघाले. रोल कोपऱ्यावरच्या स्टुडिओत धुवायला टाकला आणि त्या माणसाने तो बुडवला. माझ्या हातात काय ठेवलं, तर सहा नारिंगी पट्ट्या, कोऱ्या करकरीत. फक्त सुरुवातीला एक काळंकुट्ट घर. मी दुकान डोक्यावर घेतलं, सहा गिऱ्हाइकांसमोर. तो आकड्यांबद्दल काहीतरी सांगायला बघत होता, मी सांगू दिलं नाही. तेव्हापासून मी त्याला रोलबुडव्या म्हणतो आणि समोरच्या फुटपाथने जातो. भर उन्हातसुद्धा.

पट्ट्या मात्र जपून ठेवल्या आहेत. आजचं तंत्रज्ञान बघता त्यांत फोटो असणारच, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. चांगला फ्लॅटबेड स्कॅनर घेतला की काम फत्ते. शिवाय पेटीतले दोन हजार जुने फोटोही (बाबांचा हसरा त्यांत एकही नाही, बघितलं) स्कॅन होतील. रोज चाळीस. पन्नास दिवसांत पेटी रिकामी.

हिला सांगितलं. म्हणाली, मग दुकानात जा आणि एक उचलून आणा. उचलून! मी आयुष्यात टाचणीसुद्धा तीन कोटेशनांशिवाय घेतली नाही.

१२ जून
तपशीलपत्र तयार. अकरा पानं. डीपीआय, म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो. डीमॅक्स, म्हणजे फिल्मच्या किती काळ्या भागातून त्याला आरपार दिसतं. हिला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर तिने शेंगा निवडायला घेतल्या. पाचव्या पानावर म्हणाली, यात तुमच्या बहिणीचं नाव कुठेच नाही. मी म्हटलं, तांत्रिक भागात भावना घालत नाहीत.

२६ जून
दोन कोटेशनं आली. तिसऱ्या दुकानदाराने अकरा पानं चाळली आणि अदबीने विचारलं, साहेब, स्कॅनर एकच हवाय ना? त्याला यादीतून वगळलं.

एका तज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला. बावन्न मिनिटं. एकाच कुत्र्याचा फोटो नऊ स्कॅनरांवर. शेवटी म्हणाला, तुमची गरज काय त्यावर सगळं अवलंबून आहे. अगदी माझ्या मनातलं बोलला.

९ जुलै
तुलनात्मक तक्ता पूर्ण. चौदा मॉडेलं, बावीस रकाने. तीन वेगळ्या रंगांची पेनं वापरली. अनेक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

पहिल्या दोघांत चुरस झाली. ‘अ’चे आकडे चांगले, पण झाकण जाड आणि दिसायला बोजड. वजा दोन गुण. ‘ब’ सडपातळ, डीपीआय ४८००. ‘ब’ची निवड. निवड समितीचा अध्यक्ष मी, सदस्यही मीच. दोन्ही ठिकाणी सही केली.

१० जुलै
ताईचा फोन. कुठवर आलं रे? म्हटलं, नव्वद टक्के. ही स्वयंपाकघरातून ओरडली, नव्वद टक्के कशाचे ते पण सांगा. बाईला फोन चालू असताना बोलायची सवय आहे.

२१ जुलै
स्कॅनर आला! जेवणाच्या टेबलावर बसवला. पातळी तपासली. अगदी सपाट. हिने विचारलं, जेवायचं कुठे? प्रत्येक गोष्टीत जेवण आणते.

२२ जुलै, संध्याकाळी
शुभारंभ. पहिला फोटो: मी, वय दोन, टबात. अर्थात ४८०० डीपीआयवर. चाळीस मिनिटं लागली. फाइल इतकी मोठी झाली की संगणक ती उघडायलाच तयार नाही. म्हणजे दर्जा उच्च असणार.
आजचे फोटो: एक. राहिलेले एकोणचाळीस उद्या.

२३ जुलै
आजचे उद्दिष्ट एकोणऐंशी. झाले: एक. मान धरली.

२७ जुलै
उद्दिष्ट ठरवण्याची पद्धतच चुकीची होती. आधी फिल्म, मग फोटो. ठरलं.

३ ऑगस्ट
पट्ट्या काचेवर ठेवल्या. स्कॅन केलं. काळं. उलट्या ठेवल्या. काळं. काच पुसली, पट्ट्या पुसल्या, चष्मा पुसला. काळं ते काळंच.

कंपनीला फोन लावला. बाई फार गोड बोलत होत्या. विचारलं, सर, तुमच्या झाकणात दिवा आहे का? म्हटलं, झाकणात कशाला, खोलीत ट्यूबलाइट आहे की. मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. फोटोवर उजेड खालून पडला तरी चालतो. फिल्ममधून तो आरपार जावा लागतो, म्हणून वरून दिवा लागतो. फिल्मच्या स्कॅनरची झाकणं त्यासाठीच जाड असतात, सर.

तक्ता काढून बघितला. वजा दोन. अक्षर माझंच आहे.

४ ऑगस्ट
हार मानणाऱ्यांतले आपण नव्हे. वरून टॉर्च धरला. टॉर्चचा सुरेख फोटो आला.

११ ऑगस्ट
हिने स्कॅनरवर इस्त्रीचे कपडे ठेवले. म्हणे, छान सपाट आहे, घडी मोडत नाही. आजवरचे एकूण फोटो: तीन. तिसराही टबातलाच निघाला.

मग चहा पिताना तिने सहज सांगितलं की असला जाड झाकणाचा स्कॅनर कोपऱ्यावरच्या स्टुडिओत आहे. मी विचारलं, तुला काय माहीत? तर ही त्या रोलबुडव्याकडे तीस वर्षं जाते आहे! घरातले सगळे पासपोर्ट फोटो तिथलेच. माझ्या निवृत्तीच्या कागदांवरचा फोटोसुद्धा त्यानेच छापला. मी म्हटलं, आणि मला सांगितलं नाहीस? म्हणाली, तुम्हाला तो फोटो फार आवडला होता, कशाला विरजण घालायचं?

घरातच फितुरी.

१४ ऑगस्ट
त्याच्याकडे जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१७ ऑगस्ट
ताईचा फोन. म्हणाली, नसेल जमत तर राहू दे रे, मी काही मनाला लावून घेणार नाही. ताई असं म्हणाली की समजावं, लावून घेतलं. फोन ठेवताना म्हणाली, मला आपलं वाटलं होतं. वाक्य अर्धंच सोडलं.

१९ ऑगस्ट, दुपारी
गेलो.

रस्ता ओलांडायला पाच मिनिटं लागली, गाडी एकही नव्हती. त्याचे केस पांढरे झालेत. त्याने मला लगेच ओळखलं. मी पट्ट्यांचं पाकीट पुढे केलं. त्याने पट्ट्या उजेडाच्या पेटीवर मांडल्या आणि म्हणाला, साहेब, आता तरी कडेचे आकडे बघता का?

बघितले. एक, दोन, तीन, थेट छत्तीसपर्यंत, ठळक छापलेले. तो म्हणाला, हे आकडे कंपनीने फिल्मवर आधीच टाकलेले असतात, पण दिसतात ते धुतल्यावर. धुलाई फसली असती तर हेही दिसले नसते. धुलाई चोख आहे साहेब. तुमचा रोल कॅमेऱ्यात सरकलाच नाही. छत्तीसच्या छत्तीस फोटो एकावर एक, पहिल्याच घरात पडलेत. ते काळं घर म्हणजे अख्खं लग्न.

तोंडात मारल्यासारखं झालं. कारण तेव्हाच आठवलं. लग्नात भावोजी मला म्हणाले होते, अरे, रोल सरकला की फिरते ती वरची चकती तुझ्या कॅमेऱ्यात फिरत नाहीये. आणि मी नवऱ्या मुलाला म्हणालो होतो, तुम्ही लग्नाकडे लक्ष द्या.

त्याने काळं घर स्कॅनरमध्ये घातलं. जाड झाकण लावलं. फिल्मवर काळं ते फोटोत पांढरं, म्हणून पडद्यावर नुसतं पांढरं धुकं आलं, कुणाचा हात, कुणाचं डोकं, काही कळेना. फक्त डाव्या बाजूला गोल टोकाचा एक गडद पट्टा. तो म्हणाला, कॅमेरा कसा धरता, दाखवा बघू. मी काउंटरवरचा स्टेपलर उचलून दाखवला. तो माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिला. मग मीही बघितलं. पहिलं बोट सरळ भिंगाच्या समोर आलं होतं. म्हणजे प्रत्येक फोटोत आलं असणार.

तो म्हणाला, थांबा, नाराज होऊ नका. बोटाने झाकली तेवढी जागा उजेडाने जळाली नाही. आणि एक फोटो बोटाशिवाय निघालेला दिसतोय. त्याचा तेवढा भाग तिथे स्वच्छ उमटलाय. आणि त्याने तो पट्टा मोठा करून उजळला.

बाबा.

चष्मा हातात, डोळे मिटलेले, तोंडभर हसू. भावोजींनी मध्येच कॅमेरा माझ्याकडून घेतला होता, तूही उभा राहा म्हणून. तो एकच फोटो त्यांनी काढला. मी बाबांना चिकटून उभा होतो. माझा फक्त कान आला आहे.

मी स्टुलावर बसलो आणि बघत राहिलो. बाबा इतके हसायचे हे मीही विसरलो होतो. त्याने पाणी आणून दिलं. मी म्हटलं, माझं चुकलं हो, फार चुकलं. तो म्हणाला, पस्तीस वर्षं तुम्ही त्या बाजूने जाताय, उन्हात. मलाच कसंतरी व्हायचं.

२० ऑगस्ट
३ जूनच्या नोंदीत दुरुस्ती: रोलबुडव्या म्हणजे मी.

२४ ऑगस्ट, संध्याकाळी
ताईकडे जमलो. फोटो पोस्टकार्डाएवढा, फ्रेम स्टुडिओवाल्याने आपणहून घातलेली. स्कॅनरच्या निवडप्रक्रियेवर मी दोन शब्द लिहून नेले होते. पण ताईने वेष्टनाचा कागद सोडला आणि फोटो बघितला. अगं बाई, हेच हसू, हेच! रडली, हसली, मग दोन्ही एकदम. माझे दोन शब्द खिशातच राहिले.

सगळ्यांनी भावोजींचं कौतुक केलं. त्यांनी एकच फोटो काढला आणि तो आला. मी पस्तीस काढले.

थोड्या वेळाने ताईने बाबांच्या भोवतीची ती गोल गडद कड निरखली आणि विचारलं, हे काय आहे गं? ही म्हणाली, तुमचा भाऊ. मग सगळं सांगावंच लागलं, चकतीपासून बोटापर्यंत. भावोजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ताई हसली नाही. म्हणाली, म्हणजे हे मध्ये नसतं तर बाबाही जळून गेले असते. आणि तिने माझं ते बोट धरलं, शाळेत नेताना धरायची तसं, आणि पानं वाढून झाली तरी सोडलं नाही.