कस्तुर मोजून गातो

१२ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. भांडायला लिहीत नाही. जिंकलो, म्हणून लिहितोय.

गेल्या आठवड्यात कानाचं मशीन लावलं. बसवणारी मुलगी कानाशी ओरडली, "आजोबा, ऐकू येतंय का?" म्हटलं, "बाई, आता हळू बोल."

तुला आठवत असेल, छापखान्यानं माझे कान नेले तेव्हापासून ही रोज सकाळी मागच्या पायरीवर माझ्याशेजारी बसायची. झाडाच्या शेंड्यावर कस्तुर गायचा आणि ही त्याचं गाणं माझ्या मनगटावर बोटानं वाजवायची. एक तुकडा तीनदा. थांबायची. दुसरा दोनदा. मी नुसता बघायचो. तपकिरी पाठ, फिक्या छातीवर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके. खाली उतरला की चार पावलं पळायचा आणि मान वाकडी करून थांबायचा. "तुमच्यासारखाच," ही ओरडायची, "ऐकल्याचं सोंग!" मग तो पायरीच्या दगडावर गोगलगाय आपटून फोडायचा. कवचं झाडायचं काम माझं.

त्या दिवशी जेवताना तू कागदावर लिहून दाखवलंस, "अरे, कुठला पक्षी मोजून गातो? बायको तुझं मन राखते." मी ताटावरून उठलो. ही गेली तेव्हा तू आलास, तरी तुझ्याकडे पाहिलं नाही. राग तुझा नव्हता, दादा. मला ते पटलं होतं.

मशीन लावा म्हणून ही किती मागे लागली. मी हो म्हटलं नाही. ऐकू आलं आणि गाणं भलतंच निघालं तर? त्या भीतीपायी शेवटी मी हिचं ओरडणं तेवढं ऐकलं. साधा आवाज नाही. आजारपणातसुद्धा नाही.

काल सकाळी एकटाच पायरीवर बसलो. तो आला. एक तुकडा. पुन्हा तोच. पुन्हा तोच. थांबला. मग दुसरा, दोनदा. माझं बोट आपोआप मनगटावर पडत होतं, आणि एकही ठोका चुकला नाही, दादा! मी इतक्या जोरात "शाब्बास" म्हणालो की तो उडाला आणि शेजारीण धावत आली.

हिनं एकदाही थाप मारली नव्हती. तेव्हा वर 'जिंकलो' लिहिलंय ते खोड. हरलो आपण दोघंही. जिंकली ती.

हरलेल्यानं यायचं असतं. उजाडायच्या आत पायरीवर ये. काही बोलू नकोस, मनगट पुढे कर.

तिच्यापुढे आनंदानं हरलेला,
तुझा धाकटा