माळ, सारजा आणि माझे राहते घर

मी, श्रीमती ज्योत्स्ना भानुदास लोंढे, वय ६८, सेवानिवृत्त, राहणार बारामती, जिल्हा पुणे, आज सकाळी पोहे खाऊन, चष्मा पुसून आणि डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. माझी प्रकृती उत्तम असल्याचा डॉक्टर रोहिणी यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यात त्यांनी ‘घोट्याला जरा जपावे’ असेही लिहिले आहे. तेवढे वाक्य या कामी गैरलागू समजावे.

१. माझे पती भानुदास हे प्राथमिक शिक्षक होते. ते सात वर्षांपूर्वी वारले. मी बारामती एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. मला दोन अपत्ये आहेत. मुलगा धम्मदीप पुण्यात असतो, मुलगी करुणा इथेच बारामतीत शिक्षिका आहे. दोघेही सज्ञान व समंजस आहेत. मुलगा जरा उशिराने समंजस झाला, ते पुढे येईलच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करुणाने करावी.

२. मौजे डाळज येथील आमची शेतजमीन धम्मदीप व करुणा यांना निम्मी निम्मी मिळावी. बांधावरची बाभूळ मात्र कोणी तोडू नये. त्याचे कारण सांगते.

पती गेल्यावर मी घरातच बसून राहिले. रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितले, म्हणून कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारू लागले. तिथे सगळ्या बायका एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करीत. घरी परतताना जाताना होते त्याहून जास्त म्हातारे वाटायचे.

अशात एकदा शेत बघायला डाळजला गेले. माळाच्या कडेने चालले असताना एक कुत्रे अंगावर आले. मी पळाले. साडी वर खोचून, चप्पल हातात घेऊन, शाळेत असताना पळाले असेन तशी पळाले. मागून एक बाई काठी आपटत, कुत्र्याला शिव्या देत आणि हसत धावत येत होती. बाभळीखाली पोचून मी धापा टाकत बसले. कुत्रे केव्हाच परत फिरले होते. ती बाई शेजारी टेकली आणि म्हणाली, “बाई, तुमी पळता की चांगलं. रोज कुत्र्याची कशाला वाट बघायची?”

ही सारजा झुंबर कोकरे. तिच्या घरी पूर्वी मेंढरे होती, आता थोरल्या भावाची, म्हणजे आप्पांची शेती आहे. तिला नवरा नाही, मूलबाळ नाही. भावाच्या वस्तीवर ती राबत असे. मला माझेच हसू येत होते. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. कुत्रे नव्हते, तरी आम्ही पळालो.

३. माझी स्कूटर करुणाला द्यावी. हिच्यावरून मी दर रविवारी माळावर जात असे. हॉर्न वाजत नाही. सारजा मागे बसली की गरजही पडत नाही, कारण तिचे बोलणे रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाते.

पळतानाही ती बोलते. सुरुवातीला मला याचा राग येत असे. दम राखावा, नाकाने श्वास घ्यावा, असे मी मोबाईलवर बघून तिला सांगितले. तिने एक रविवार नाकाने श्वास घेतला, तोंड मिटून पळाली आणि माझ्यावर रुसली. पुढच्या रविवारी मीच तिला काहीतरी बोल म्हणाले. नंतर आमच्यात जोतीराम तात्या आले. ते निवृत्त एसटी कंडक्टर. वाट अरुंद झाली की “पुढं सरका, पुढं सरका” म्हणतात. आमच्या टोळीत एवढेच लोक आहेत.

४. बारामती येथील माझे राहते घर माझ्या स्वकष्टार्जित उत्पन्नातून बांधलेले आहे. माझ्या पश्चात त्याची मालकी दोन्ही मुलांकडे समान जावी. परंतु या घरात सारजा झुंबर कोकरे हिला तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा पूर्ण हक्क राहील. अंगणाकडची खोली, स्वयंपाकघर आणि गच्ची तिची समजावी. तिला कोणीही, कोणत्याही कारणाने जा म्हणू नये, आणि ‘आता एकटी कशी राहणार’ असे गोड बोलूनही जायला लावू नये. ती हयात आहे तोवर घर विकता येणार नाही. हे कलम या मृत्युपत्राचे मुख्य कलम आहे. बाकीची सोबतीला लिहिली आहेत.

झाले असे. तीन वर्षांपूर्वी, उसाचा हंगाम चालू असताना, माळावर धावताना आम्हांला चिंकारा दिसला. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि पाय ओघळीत गेला. घोटा मोडला. मोबाईलला रेंज नव्हती, तात्या त्या दिवशी आले नव्हते. सारजाने मला पाठीवर घेतले. मी काही कोकरू नव्हे. ती थांबायची, मला उतरवायची, घाम पुसायची आणि पुन्हा उचलायची. मी मदत आणायला जा म्हणाले तर ऐकेना. रस्त्यावर आल्यावर तिने उसाचा ट्रॅक्टर अडवला आणि भिगवणपर्यंत माझे डोके मांडीवर घेऊन बसली. त्या ट्रॅक्टरवर तिच्या तोंडून मला पहिल्यांदा ‘तू’ आले. “रडू नगं,” ती म्हणाली, “पाय हाय, जुळंल. तू हायस न्हवं?” मला नवरा गेल्यापासून असे कोणी विचारले नव्हते.

पाय प्लास्टरमध्ये असताना ती आठवडाभर स्वयंपाकाला म्हणून आली. आठवडा संपला, प्लास्टर निघाले, ती राहिली. मीही कधी जायचे विचारले नाही.

५. सारजाचे भाऊ आप्पा यांच्याविषयी या मृत्युपत्राच्या आधीच्या मसुद्यात एक तक्रार होती. ती मी काढून टाकली आहे. पण का होती हे मुलांना ठाऊक असावे.

आप्पा बहिणीला न्यायला आले होते. अंगणातच उभे राहिले. मी पाणी दिले, त्यांनी घेतले नाही. चहा ठेवला, तो निवला. कारण त्यांनी सांगितले नाही, मला विचारावे लागले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की बहिणीने ‘त्यांच्या’ घरात राहिलेले भावकीला चालत नाही. ‘त्यांच्या’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. सारजा भांडी घासत होती. हात न धुताच बाहेर आली.

“आप्पा, तुज्याकडं माझं ताट हाय, न्हाय म्हणत न्हाय,” ती म्हणाली. “पर हितं माझी वाट बघत्यात.”

आप्पा निघून गेले. सारजा पुन्हा भांड्यांकडे वळली. मी भाकरी थापल्या, त्या वाकड्यातिकड्या झाल्या, तरी तिने नावे ठेवली नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

गेल्या वर्षी इंदापूर तालुक्यात माळावरची शर्यत झाली, तिच्यात आम्ही दोघींनी नावे दिली. तरणी पोरे कधीच पोचली. तात्याही पोचले. आम्ही सर्वांत शेवटी होतो, आणि त्यात सारजाच्या पायाला गोळा आला, म्हणून बराच वेळ चालतच होतो. मंडप उतरवायला घेतला असेल, असे मला वाटले. टेकडीवरून खाली बघतो तर शेवटच्या रेषेवरचा फलक अजून उभा. त्याची दोरी धरून आप्पा उभे होते आणि मंडपवाल्यांशी हुज्जत घालत होते. “माजी भन यायचीया,” ते सांगत होते. “आन तिच्यासंगं बाई हायत. त्या आल्याबिगर ह्यो उतरायचा न्हाय.”

आम्ही हात धरून रेषा ओलांडली. आप्पांनी दोरी सोडली. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले, थेट आत येऊन बसले, पाणी प्यायले, दोन कप चहा घेतला आणि साखर कमी आहे म्हणाले. सबब तक्रार रद्द.

६. धम्मदीपला त्याच्या वडिलांचे कॅनव्हासचे बूट द्यावेत. माझा घोटा बरा झाल्यावर चिरंजीवांनी माझे पळायचे बूट ‘धुवायला’ म्हणून पुण्याला नेले आणि परत आणले नाहीत. आईच्या काळजीने केले, हे मान्य. पण मी त्याच्या वडिलांच्या बुटांत कापूस कोंबून कॅनॉलच्या कडेने धावले. एकदा तो न कळवता आला. सारजा आणि मी घरी परतत होतो, कशावरून तरी हसत होतो. तो फाटकाशी उभा राहून बघत राहिला. बाबा गेल्यापासून तुला असे हसताना पाहिले नव्हते, एवढेच म्हणाला. पुढच्या खेपेला बुटांचे दोन जोड घेऊन आला. सारजाने आपला जोड बरेच दिवस उशाशी ठेवला, मग एकदाचा घातला.

७. पुस्तके गावच्या विहाराला द्यावीत. डोळे दान करावेत. पायांना मागणी नाही असे डॉक्टर रोहिणींनी सांगितले आहे. अंत्यविधी साधा, त्रिशरण-पंचशील म्हणून करावा. पुण्यानुमोदनाला लांबलचक भाषणे नकोत. ज्यांना माझ्याविषयी बोलायचे असेल त्यांनी सकाळी माळावर यावे आणि धावता धावता बोलावे. आपोआप आटोपशीर होईल.

८. सारजाला या दस्तावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. जिला हक्क मिळतो तिला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी तिला समजावले. ती थोडी नाराज आहे. वकिलांनी आणखी एक विचारले. सारजा माझ्या आधी गेली तर काय, याचेही कलम घालावे. मला ते लिहवेना. पेन तसेच धरून बसले. आमच्या धावण्यात नियम म्हणून एकच आहे, जो पुढे जाईल त्याने वळणावर मागच्यासाठी थांबायचे. सारजा शेजारीच बसली होती. म्हणाली, “लिव की. मी म्होरं गेले तर वळणावर थांबंन.”

त्याप्रमाणे लिहिले आहे.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचले, सारजाला वाचून दाखवले, आणि साक्षीदारांसमक्ष राजीखुशीने सही केली.

ठिकाण : बारामती
दिनांक : १२ मार्च २०२५

सही
ज्योत्स्ना भानुदास लोंढे

साक्षीदार :
१. जोतीराम तात्या पिंगळे, सेवानिवृत्त वाहक, राहणार बावडा, तालुका इंदापूर (सही)
२. डॉ. रोहिणी संभाजी जगताप, राहणार बारामती (सही)