आईने लावलेल्या वायरी

प्रिय भोंग्या,

फोनवर तू मला एक वाक्य धड पूर्ण करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. नाटक कंपनीच्या पुढच्या मुक्कामी तुझ्या हाती पडेल. निवांत बस, चहा घे आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून आईला फोन करायचा नाही, एवढीच माझी अट आहे.

घरी सगळे बरे आहेत. तुझ्या खोलीवरून जाताना बाबा अजूनही विचारतात, आज भोंगा बंद का? दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घेताना मी तुझ्या अल्बमचे रेकॉर्ड झालेले तुकडे हळू आवाजात लावते. परवा एका आजोबांनी विचारलं, गाणं कधी सुरू होणार? म्हटलं, आजोबा, हेच गाणं. ते पुन्हा पाय उचलायला लागले आणि म्हणाले, मग असू दे चालू.

आता मुद्द्याचं. तू दौऱ्यावर गेलास त्याच दिवशी आई तुझी खोली आवरायला शिरली. तिला तू ओळखतोसच. जन्म शिवणकामात गेलेला, गुंता दिसला की हात शिवशिवतात. तुझ्या त्या कपाटाएवढ्या सिंथेसायझरवर लोंबणाऱ्या सगळ्या वायरी तिने एकेक करून उपसल्या, रंगांप्रमाणे लावल्या, प्रत्येकीची सुबक गुंडाळी केली आणि दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात ठेवून दिल्या. पोराची सोय केली म्हणून दिवसभर खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. शेवटचा तुकडा अजून रेकॉर्ड व्हायचाय, तो त्या वायरींमध्येच आहे, कुठल्या भोकातून कुठल्या भोकात वायर जाते त्यावरच आवाज ठरतो, मशीनच्या स्वतःच्या काही लक्षात राहत नाही, हे सगळं तूच तिला सांगितलंस. आजवरचा सगळ्यात चांगला तुकडा, असंही म्हणालास. सगळं जसंच्या तसं आहे ना, असं विचारलंस. ती हो म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

थांब, ओरडू नकोस. पुढे वाच.

शिवायला आलेले कपडे तिने बाजूला सारले आणि रोज दुपारी तुझ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला लागली. आतून नुसती गुरगुर आणि किंचाळ्या. बाबांनी कानात कापूस घातला. मी म्हटलं, आई, त्याला सरळ सांगून टाक, तो पुन्हा करेल. तर म्हणाली, मी घालवलंय ना, मग मीच आणणार. तुला ते चालू तरी करता येतं का, असं विचारलं तर म्हणे, लाल बटण आहे, डोळे आहेत मला.

गेल्या आठवड्यात मी दुपारीच घरी आले. जिन्यात पाऊल ठेवलं आणि कठड्यावरच्या हाताला तो आवाज आधी जाणवला, कानाला नंतर. खूप खालचा, संथ, शेजारच्या खोलीत कुणी गाढ झोपावं तसा. दार ढकललं. चष्मा कपाळावर सरकवून, हातात हिरवी वायर धरून आई उभी होती. तिने मला गप्प राहायची खूण केली. खालचा आवाज बुडाला, क्षणभर काहीच उरलं नाही, मग पुन्हा वर आला. त्या रिकाम्या जागी मी दोरा तोडायचे, असं ती नंतर म्हणाली. भिंतीपलीकडे शिवणाचं मशीन चालवता चालवता तिने तुझा अख्खा तुकडा पाठ केला होता रे! ज्याला ती फ्रिज बिघडलाय म्हणायची, तोच.

आणि तरीही तो तुझा तुकडा नव्हता. तुझा मीही दाराआडून ऐकलाय. यात खालच्या आवाजामागून दुसरा एक बारीक आवाज चालतो, चाचपडत, अडखळत. त्याला गाठतोय असं वाटतं न वाटतं तोच मागे राहतो आणि पुन्हा निघतो. मला अक्षरशः भीती वाटली. अंगावर काटा आला, रडू आलं, आणि आपली आई आपल्याला कधी कळलीच नव्हती असं वाटलं. एवढं मोठं काहीतरी आपल्या घरात, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी चालू होतं.

आईला मात्र वाटतं, तिला जमलं नाही. रोज दुपारी लावून बघते आणि मान हलवते. तू येशील त्या सकाळी सगळ्या वायरी काढून ठेवायच्या, तुला खरं सांगायचं आणि मुकाट्याने बोलणी खायची, असं तिने ठरवलंय. मी हातापाया पडले. ऐकत नाही. त्याच्या मशीनमध्ये माझं काय काम, म्हणते. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर नुसती खरखर आली, खालचा आवाज त्यात येतच नाही. तुझ्या रेकॉर्डरला ती मला हात लावू देत नाही, आणि मला तो येतही नाही. एकदा तिने वायरी काढल्या की तिलासुद्धा हे पुन्हा जमायचं नाही. म्हणून सांगते, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी ये. तिला कळवू नकोस. भर दुपारी ये, चपला काढ, एक शब्द बोलू नकोस आणि आधी रेकॉर्डिंग चालू कर. मग काय भांडायचं ते भांड.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई